विश्लेषण : जॅक लंडन यांची सात वर्षांची सागरसफर दोन वर्षांच्या आतच का संपली?

स्वतःची नौका बांधायची, पत्नीला सोबत घ्यायचे आणि सात वर्षे जगभर फिरायचे, असा बेत अमेरिकी लेखक जॅक लंडन यांनी आखला होता. एप्रिल १९०७ मध्ये ‘स्नार्क’ या नौकेतून त्यांनी आणि पत्नी चार्मियन यांनी प्रस्थान ठेवले. हवाई, मार्केसस, ताहिती, सामोआ, फिजी असा टप्पा गाठत हे दाम्पत्य सॉलोमन बेटांपर्यंत पोहोचले. तिथून पुढे मात्र नौका त्यांना घेऊन गेली नाही. वादळे, गळती, पाण्याचा तुटवडा यांतून तरलेली ही सफर अखेर कशामुळे थांबली?

सफरीची कल्पना कशी सुचली?

१८७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या लंडन यांना समुद्र नवा नव्हता. पंधराव्या वर्षी त्यांनी छोटी शिडाची होडी घेतली आणि खाडीतल्या खासगी मालकीच्या कालवांची रात्री चोरी करून पोट भरले. १८९३ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून ते जपानच्या किनाऱ्यापर्यंत गेले. १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेले आणि स्कर्व्ही घेऊन परतले. सोने हाती लागले नाही, पण त्या अनुभवातून ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३) ही कादंबरी आली आणि ते जगप्रसिद्ध झाले. जोशुआ स्लोकम यांनी एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले होते. स्लोकम यांच्या ३७ फुटी नौकेला जे जमले ते थोड्या मोठ्या नौकेला का जमू नये, हा विचार त्यातून पुढे आला. नोव्हेंबर १९०५ मध्ये जॅक आणि चार्मियन यांचा विवाह झाला आणि लगेचच नौकेची तयारी सुरू झाली.

नौका पहिल्यापासून अडचणीत का?

दोन डोलकाठ्यांची, पाण्याच्या रेषेवर सुमारे ४५ फूट लांबीची ही नौका सात हजार डॉलरमध्ये होईल असा अंदाज होता. तिचा लोखंडी कणा ओतायचा त्याच दिवशी, १८ एप्रिल १९०६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत महाभूकंप झाला. कामगार आणि साहित्य दोन्ही दुर्मीळ झाले. काम महिनोन् महिने रखडले आणि खर्च तीस हजार डॉलरवर गेला. एवढे करून नौका निघाली ती गळतीसह. पाणी शिरू नये म्हणून केलेले कप्पे पाझरत होते, इंजिन निकामी होते आणि वादळात नाक वाऱ्याकडे करून थांबायला नौका तयार नव्हती.

नौकेवर सहा जण होते. दिशादर्शनाची जबाबदारी चार्मियन यांच्या मावशीच्या यजमानांकडे होती. पण त्यांना ते जमत नसल्याचे समुद्रात गेल्यावर उघड झाले. लंडन यांनी पुस्तके उघडून, सूर्याचे वेध घेत ती विद्या वाटेतच शिकून घेतली. २७ दिवसांनी हवाईचा किनारा दिसला. तिथे दुरुस्तीतच काही महिने गेले.

चार्मियन यांची भूमिका काय होती?

त्या केवळ सोबतीला आलेल्या पत्नी नव्हत्या. सुकाणूवरची पाळी त्या इतरांप्रमाणेच सांभाळत. लंडन रोज सुमारे हजार शब्द लिहीत आणि ते हस्तलिखित चार्मियन टंकलिखित करीत. नौकेचा खर्च याच लिखाणावर चालत होता. ‘मार्टिन इडन’ ही कादंबरी याच सफरीत लिहून झाली. तरीही पैशांची ओढाताण इतकी झाली, की ताहितीला पोहोचल्यावर दोघांना नौका तिथेच ठेवून आगबोटीने कॅलिफोर्नियाला जाऊन व्यवहार निस्तरावे लागले. चार्मियन रोजनिशीही लिहीत होत्या. सफरीचे सर्वांत तपशीलवार चित्र त्यांच्या ‘द लॉग ऑफ द स्नार्क’ (१९१५) या पुस्तकात मिळते.

बेटांवर त्यांना काय दिसले?

हवाईत लंडन वायकिकीच्या लाटांवर फळीवरून स्वार व्हायला शिकले आणि उन्हाने भाजून अंथरुणाला खिळले. याच मुक्कामात दोघे मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत राहिले. भीतीपोटी रंगवलेली वर्णने खोडून काढणारा, रुग्णांना माणूस म्हणून पाहणारा लेख लंडन यांनी लिहिला.

ऑक्टोबर १९०७ मध्ये हिलोहून निघालेल्या नौकेला प्रतिकूल वाऱ्यांतून मार्केसस गाठायला साठ दिवस लागले. वाटेत अपघाताने निम्मे पिण्याचे पाणी वाया गेले. पाऊस आला म्हणून सगळे वाचले. नुकू हिवा बेटावरील तैपी खोऱ्याचे वर्णन हर्मन मेल्विल यांच्या १८४६ च्या पुस्तकात लंडन यांनी लहानपणी वाचले होते. प्रत्यक्षात तिथे क्षय आणि इतर रोगांनी ग्रासलेली मोजकीच माणसे उरली होती. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर रोग आले होते आणि त्यांना प्रतिकार करण्याची शक्ती बेटवासीयांच्या शरीरात नव्हती. ताहाआ बेटावर मात्र तेहेई आणि बिहाउरा या दाम्पत्याने अनोळखी पाहुण्यांचे इतके आतिथ्य केले, की भेटी ठेवायला नौका अपुरी पडली. पुढे तेहेई खलाशी म्हणून सोबत आले.

सॉलोमन बेटांवर काय घडले?

फिजीतील सुव्हा येथे कप्तानाला निरोप देऊन लंडन यांनी नौकेची सूत्रे स्वतःकडे घेतली. १९०८ च्या मध्यास ते सॉलोमन बेटांवर पोहोचले. नारळाच्या मळ्यांसाठी बेटांवरून मजूर गोळा करण्याचा धंदा तिथे जोरात होता. त्यात फसवणूक आणि बळजबरी होत असे, म्हणून बेटवासीयांचा जहाजांवर रोष होता. अशाच ‘मिनोटा’ या जहाजावर हे दाम्पत्य पाहुणे म्हणून गेले. मलायता बेटाजवळ ते प्रवाळावर अडकले आणि हल्ल्याच्या भीतीने सगळ्यांना शस्त्रे घेऊन पहारा करावा लागला. जहाज सुटले, पण तोवर शरीरांनी हार मानायला सुरुवात केली होती. मलेरियाने नौकेवर एकामागून एकाला गाठले, चार्मियन यांनाही. साध्या ओरखड्याच्या चिघळून जखमा होत. लंडन त्यांवर पाऱ्याचे जहाल औषध लावत. त्यांचे हात सुजले, कातडी थरांनी सोलवटू लागली.

सफर का सोडावी लागली?

नोव्हेंबर १९०८ मध्ये दोघे आगबोटीने सिडनीला गेले. भगंदराची शस्त्रक्रिया झाली, पण हातांच्या विकाराचे निदान डॉक्टरांना होईना. शिडाच्या नौकेवर दोरखंड हातानेच ओढावे लागतात आणि लंडन यांना हातच वापरता येत नव्हते. डिसेंबरमध्ये सफर संपल्याचे त्यांनी जाहीर केले. ‘स्नार्क’ खर्चाच्या मानाने फारच कमी किमतीला विकली गेली. जुलै १९०९ मध्ये ते घरी परतले आणि कॅलिफोर्नियाच्या हवेत हात बरे झाले. उष्ण कटिबंधातील प्रखर उन्हाला त्यांनी दोष दिला.

पुढे काय झाले?

समुद्राचे वेड गेले नाही. १९१० मध्ये त्यांनी ‘रोमर’ ही नौका घेतली, पण तिचा वावर घराजवळच्या खाडीत आणि नद्यांत राहिला. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी लंडन यांचे निधन झाले. त्यांची मूत्रपिंडे निकामी होण्यात सॉलोमन बेटांवरील पाऱ्याच्या औषधाचा वाटा असावा, अशी शंका नंतर व्यक्त झाली. चार्मियन १९५५ पर्यंत जगल्या. नौकेवर स्वयंपाकी म्हणून गेलेले मार्टिन जॉन्सन पुढे पत्नी ओसा यांच्यासह वन्यजीवनावरील चित्रपटांसाठी विख्यात झाले. ज्या रोगांनी बेटांवरची वस्ती पोखरली त्यांना बाहेरच्यांच्या जहाजांनी वाट करून दिली होती. लंडन दाम्पत्याला मागे फिरवले तेही समुद्राने नव्हे, रोगानेच. फरक इतकाच, की त्यांना परतायला घर होते.