आईने लपवलेला आजार

मागच्या हिवाळ्यात धुळ्याहून जाऊबाईंचा फोन आला. पुतणीची बोटं सकाळी आखडायची, ऊन लागलं की गाल लाल व्हायचे, केस मूठमूठ गळायचे. सहा महिने संधिवात समजून तेल चोळून झालं. मग डॉक्टरांनी रक्ताची एएनए तपासणी करायला सांगितली, ती पॉझिटिव्ह आली. जाऊबाईंची एकच विनवणी, पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही. स्थळं बघणं चालू होतं ना!

फोन ठेवला आणि मला फ्लॅनरी ओकॉनर आठवली.

ही अमेरिकेतली नामवंत कथालेखिका. जन्म १९२५ चा, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातला. आईवडिलांची एकुलती एक. लहानपणी तिच्याकडे उलटी चालणारी कोंबडी होती आणि ती बघायला चक्क न्यूजरीलवाले कॅमेरा घेऊन घरी आले होते! ती पंधरा वर्षांची असताना, १९४१ मध्ये, वडील ल्युपसने गेले. ल्युपस म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली यंत्रणा आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. मग सांधे, कातडी, मूत्रपिंडं, काहीही धरतं. दहा रुग्णांत नऊ बायका असतात.

डिसेंबर १९५० मध्ये नाताळसाठी आगगाडीने घरी येताना फ्लॅनरी फार आजारी पडली. आधी संधिवातच वाटला. पुढे डॉक्टरांनी ल्युपस ओळखला, पण आई रेजिना यांनी लेकीला ते सांगितलं नाही. याच दुखण्याने नवरा गेलेला, त्या माउलीची जीभ रेटणार तरी कशी? लेक मात्र संधिवात समजूनच औषधं घेत राहिली. १९५२ च्या उन्हाळ्यात सॅली फिट्झगेराल्ड या मैत्रिणीने तिला खरं काय ते सांगून टाकलं. फ्लॅनरी हादरली, पण रागावली नाही. उलट तिने सॅलीचे आभार मानले.

त्यानंतर मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आई दुधाचा धंदा बघायची आणि लेक रोज सकाळी लिहायला बसायची. तिने मोर पाळले. इंजेक्शनं स्वतःची स्वतः घेतली. हाडं ठिसूळ झाली, कुबड्या आल्या, तरी लिहिणं सुटलं नाही. ३ ऑगस्ट १९६४ ला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या कथासंग्रहाला १९७२ मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

तिच्या वेळी हाताशी फार काही नव्हतं. अस्थिमज्जेतली एलई पेशी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये दाखवली आणि एएनएची तपासणी १९५७ च्या सुमारास आली. एक मात्र लक्षात ठेवा. नुसती एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे, ती धडधाकट माणसातही येते. म्हणून लक्षणं बघून डीएसडीएनए, सी३-सी४ आणि लघवीतलं प्रथिन तपासतात. वेळेवर कळलं तर आज गोळ्यांनी आजार ताब्यात राहतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने लग्न, बाळंतपण, सगळं होतं.

मी जळगावहून धुळ्याला गेले. पुढच्या तपासण्यांत ल्युपसच निघाला. रात्री भाकरी झाल्यावर जाऊबाईंनी मन घट्ट करून पोरीला जवळ बसवलं. ती मान खाली घालून म्हणाली, की कपाटातला पहिला कागद तिने केव्हाच वाचला होता. आईला वाईट वाटेल म्हणून तीच गप्प होती.

तीन महिने एका घरात दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. त्या रात्री दोघी रडल्या. सकाळी पोरगी स्वतः उठून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहीत बसली होती. आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सगळं सांगायचं, हेही तिनेच ठरवलं.