समजून घ्या : डिजिटल सहीचा सातबारा आणि ‘हुकूमतपनाह’ रामचंद्रपंत

सोनारी (ता. परंडा, जि. धाराशिव) : इथला शेतकरी आज १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर काढू शकतो. त्यावर शाईची सही नसते. तरी तो खरा मानला जातो, कारण सही करणाऱ्याला अधिकार कोणी दिला, हे तपासता येते. हाच प्रश्न १६८९ मध्ये स्वराज्यापुढे होता.

कोण होते रामचंद्रपंत?

नीळकंठ सोनदेव यांचे पुत्र रामचंद्रपंत हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील अमात्य. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. राजा शेकडो मैल दूर, मग हुकूम कोणाचा? राजारामांनी पंतांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि राजाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार दिला. राजारामांचा विश्वास पंतांवर, पंतांचा पुढे शंकराजी नारायण यांच्यासारख्या कारभाऱ्यांवर. १६९८ मध्ये महाराज परतेपर्यंत ही साखळी टिकली.

डिजिटल सहीत काय होते?

पत्रावर वर शिक्का, शेवटी मोर्तब. शिक्का अधिकार सांगे आणि मोर्तबामुळे खाली नवा मजकूर घुसवता येत नसे. डिजिटल सही ही दोन्ही कामे करते. अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने सही होते, तर जाहीर किल्लीने ती तपासली जाते. एक अक्षर बदलले तरी तपासणी फसते. किल्ली त्याच अधिकाऱ्याची आहे, याची हमी परवानाधारक संस्था देते. त्या संस्थेला परवाना माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार केंद्राचा नियंत्रक देतो.

अधिकार परत कसा घ्यायचा?

युद्धाच्या काळात सरदार टिकवण्यासाठी वतनांच्या सनदा दिल्या गेल्या. त्या वंशपरंपरागत असल्याने परत घेणे अवघड झाले. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आल्यावर तर गाद्याच दोन झाल्या. शिक्के दोन्हीकडचे अस्सल, मग मानायचा कोणता? पंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. १७१५ च्या सुमारास त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. नवी वतने देऊ नयेत, असा इशारा त्यात आहे. १७१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या डिजिटल प्रमाणपत्राला म्हणूनच मुदत असते. किल्ली चोरीला गेली, तर मुदतीआधीही ते रद्द करून रद्द प्रमाणपत्रांच्या यादीत टाकता येते. सही खरी असणे पुरेसे नाही, तिच्यामागचा अधिकार आजही चालू आहे का, हेही पाहावे लागते.