लाळेची वाट शोधणारा विद्यार्थी अन् कोळशाच्या थरांचा नियम. कोण होते निकोलस स्टेनो?

राजुरा : कानाजवळच्या लाळग्रंथीतून तोंडात येणाऱ्या नळीला डॉक्टर आजही ‘स्टेन्सनची नळी’ म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले, त्यांचाच एक नियम राजुऱ्याजवळच्या सास्तीच्या कोळसा खाणीलाही लागू होतो. कसा, ते जाणून घ्या.

मेंढीच्या डोक्यात काय सापडले?
निकोलस स्टेनो यांचा जन्म १६३८ मध्ये कोपनहेगनमध्ये सोनाराच्या घरी झाला. १६६० मध्ये ते शिकायला ॲमस्टरडॅमला गेले. तेव्हा वय होते २२. मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांनी एका नळीत बारीक सळई सरकवली. ती तोंडात निघून दातांवर आपटली. कानाजवळच्या ग्रंथीतली लाळ याच वाटेने तोंडात येते, हे त्यांना कळले.

वाद कशावरून झाला?
स्टेनो ज्यांच्या घरी राहत होते, त्या शिक्षक ब्लासियस यांनी आधी शोध उडवून लावला. नंतर तो आपलाच असल्याचा दावा केला. नवख्या विद्यार्थ्याची इभ्रत पणाला लागली. स्टेनो यांनी लायडन विद्यापीठात तोंडातल्या आणि डोळ्यांच्या ग्रंथींचा बारकाईने अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. अश्रू मेंदूतून नव्हे, तर ग्रंथीतून येतात, हेही दाखवले. तिथले शिक्षक व्हॅन हॉर्न यांनी नळीला स्टेनोंचे नाव दिले.

लाळ का महत्त्वाची?
- मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानाजवळ, जबड्याखाली आणि जिभेखाली.
- दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करते आणि दातांना किडीपासून वाचवते.
- नळीत खडा अडकला की जेवताना सूज येऊन दुखते. असे खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्या ग्रंथीत होतात.
- गालगुंडात मुख्यतः कानाजवळची ग्रंथी सुजते.
- मधुमेह, काही औषधे किंवा डोक्या-मानेवरील रेडिएशनमुळे तोंड कोरडे पडू शकते. सूज किंवा कोरडेपणा टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

कोळशाशी संबंध काय?
१६६६ मध्ये इटलीत स्टेनो यांच्यासमोर एका शार्कचे डोके आले. त्याचे दात खडकांत सापडणाऱ्या जिभेच्या आकाराच्या दगडांसारखे होते. ते दगड म्हणजे जुन्या शार्कचेच दात, असे त्यांनी मांडले. १६६९ मध्ये त्यांनी थरांचा नियम सांगितला : थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. सास्तीच्या खाणीतही कोळसा खाली आणि त्यावर नंतरचे थर, हा क्रम याच नियमाने वाचला जातो.

पुढे काय झाले?
स्टेनो यांनी हळूहळू संशोधन सोडले. ते कॅथलिक धर्मगुरू आणि पुढे बिशप झाले. साधेपणाने राहिले. १६८६ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे जर्मनीत निधन झाले. ज्या शोधावर शिक्षकाने हक्क सांगितला होता, तो आज वैद्यकीय विद्यार्थी स्टेनोंच्याच नावाने शिकतात.