संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा कॅथलिक धर्मसभेत प्रवेश

आपल्यापैकी बहुतेकांस बाप्तिस्म्याची देणगी आईच्या कडेवर असतानाच लाभली. तिचे मोल आपणांस मोजावे लागले नाही. न्यूमन ह्यांनी ते जाणत्या वयात पुरेपूर मोजले.

२१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडन शहरी एका पेढीवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यास करून १८२५ मध्ये ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले. १८२८ पासून तेथील सेंट मेरी देवळात त्यांची प्रवचने ऐकण्यास विद्यार्थ्यांची दाटी होई. रोमविषयी मात्र त्यांचे मत प्रतिकूलच होते. पोप म्हणजे ख्रिस्तविरोधक, ही तरुणपणची समजूत मनातून सहजी जाईना.

परंतु प्राचीन धर्मपित्यांचे ग्रंथ वाचता वाचता १८३९ मध्ये त्यांस धक्काच बसला. पाचव्या शतकातील पाखंडी लोकांच्या चेहऱ्यात त्यांस स्वतःचाच चेहरा दिसू लागला! १८४१ मध्ये त्यांच्या नव्वदाव्या पत्रिकेचा अँग्लिकन बिशपांनी निषेध केला. पुढच्याच वर्षी ते लिटलमोर ह्या खेड्यात, तबेल्याच्या साध्या खोल्यांत, उपास व प्रार्थना करीत राहू लागले. १८४३ मध्ये त्यांनी रोमवर केलेली कठोर टीका जाहीरपणे मागे घेतली व सेंट मेरीचा कारभार सोडला.

तरीही दोन वर्षे ते उंबरठ्यावरच थांबले. कोणी ह्यास भित्रेपणा म्हणोत. आम्हांस त्यात प्रामाणिकपणाच दिसतो. आपले मन आपणांस फसवीत तर नाही ना, ही त्यांस धास्ती होती; शिवाय त्यांच्या शब्दावर विसंबलेली माणसे थोडी नव्हती. धर्मशिकवणुकीच्या विकासावर ते ग्रंथ लिहू लागले आणि लिहिता लिहिता शंका फिटत गेल्या. ग्रंथ पुरा न करताच त्यांनी लेखणी खाली ठेवली.

८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री पॅशनिस्ट संघाचे इटालियन धर्मगुरू फादर डॉमिनिक बार्बेरी, गाडीच्या टपावर पावसात भिजत, लिटलमोरला पोहोचले. ते शेकोटीपाशी कपडे वाळवीत असताच न्यूमन आत आले, त्यांच्या पायांशी लोटांगण घातले आणि ख्रिस्ताच्या कळपात घेण्याची विनवणी केली. त्याच रात्री त्यांनी पापनिवेदनास आरंभ केला, ते दुसऱ्या दिवशी पुरे झाले. ९ तारखेस दोघा सोबत्यांसह त्यांचा धर्मसभेत स्वीकार झाला. त्यानंतरच्या सकाळी त्यांच्या लिहिण्याच्या मेजाचीच वेदी करून मिस्सा अर्पण करण्यात आली.

मित्र दुरावले, बहीण हॅरिएट हिने संबंध तोडले. १८४७ मध्ये रोम येथे त्यांस कॅथलिक गुरुदीक्षा मिळाली, १८७९ मध्ये ते कार्डिनल झाले व ११ ऑगस्ट १८९० रोजी बर्मिंगहॅम येथे प्रभुवासी झाले. २०१९ मध्ये त्यांस संतपद व २०२५ मध्ये धर्मसभेचे आचार्यपद देण्यात आले. लाडक्या ऑक्सफर्डचे दर्शन मात्र त्यांस बत्तीस वर्षे घडले नाही. १८७८ मध्ये ट्रिनिटी ह्या त्यांच्या पहिल्या कॉलेजाने त्यांस सन्मानाने बोलाविले, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे न्यूमन तेथे गेले आणि अजून हयात असलेल्या आपल्या वृद्ध गुरुजींस भेटून आले.