शुक्रवारचा चहा

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांत रमलेल्या एका माणसाचे चरित्र प्रत्येकाने लिहायचे असे ठरले, तेव्हा सावित्रीबाई, महर्षी कर्वे, साने गुरुजी ही नावे तुम्ही लोकांनी पहिल्याच दिवशी पटकावलीत. मी नेहमीप्रमाणे उशिरा जागी झाले. मग आठवला चार्ल्स सिमियन. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी केंब्रिजला होते, तेव्हा तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये या गृहस्थाची छत्री आणि चहाची किटली जपून ठेवली आहे असे कळले. छत्री आणि किटली जपण्यासारखे याने काय केले असेल, या कुतूहलापोटी मी वाचत गेले.

सिमियनचा जन्म १७५९ चा, इंग्लंडमधल्या रेडिंग गावचा. घर सुखवस्तू, शाळा ईटन. घोडे आणि झकपक कपडे ही आवड. १७७९ च्या जानेवारीत तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि तीन-चार दिवसांतच त्याला निरोप मिळाला की थोड्याच आठवड्यांत होणाऱ्या प्रभुभोजनाच्या विधीला हजर राहणे नियमाने सक्तीचे आहे. बाकीच्या मुलांना त्यात विशेष काही वाटत नसे. हजेरी लावायची आणि मोकळे व्हायचे. (आपण प्रार्थनेला जसे उभे राहायचो तसेच.) हा मात्र घाबरला. आपली लायकी नाही, हे त्याच्या मनाने घेतले. तीन महिने तो पुस्तके वाचत, उपास करत, स्वतःच्या चुका मोजत राहिला. ईस्टरच्या आठवड्यात वाचता वाचता त्याला उमगले की आपले ओझे ख्रिस्तावर टाकता येते, ते स्वतः वाहत बसायचे कारण नाही. ४ एप्रिल, ईस्टरच्या रविवारी, तो मोकळ्या मनाने उठला.

पण हे सांगायचे कोणाला? त्या अख्ख्या कॉलेजात त्याच्यासारखा विचार करणारा एकही सोबती त्याला बराच काळ भेटला नाही. एकोणिसाव्या वर्षी आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट घडावी आणि शेजारच्या खोलीतही ती कळणारे कोणी नसावे! त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला या एकटेपणात दिसते.

१७८२ मध्ये वडिलांच्या ओळखीने, बिशपकडून, त्याला होली ट्रिनिटी चर्च मिळाले. तिथल्या लोकांना दुसराच पाद्री हवा होता. त्या काळी चर्चमधले बाक कुटुंबांच्या नावावर असत आणि त्यांना दारे असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलपे घातली आणि घरी बसले. ऐकायला येणारे मधल्या वाटेत उभे. सिमियनने स्वखर्चाने साधे बाक आणून टाकले, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ते उचलून अंगणात फेकले. रविवार दुपारचे प्रवचनही लोकांनी हट्टाने दुसऱ्याला दिले, आणि ते सिमियनच्या हाती यायला बारा वर्षे गेली. विद्यार्थी दंगा करायला येत, खिडक्यांवर दगड मारत. जी थोडी मुले मनापासून येत त्यांना सिमियनच्या नावावरून चिडवण्याचे टोपणनाव पडले: सिम. माझ्यासारखीने दुसऱ्याच महिन्यात बदलीचा अर्ज टाकला असता. हा चोपन्न वर्षे तिथेच राहिला.

तो संत स्वभावाचा होता असे मात्र समजू नका. चटकन चिडे, नोकरावर ओरडे, टापटिपीचा अतिरेक करी. येलिंग गावचे वृद्ध पाद्री हेन्री व्हेन यांच्याकडे तो गेला असता त्याचे वागणे त्यांच्या मुलींना बिलकूल आवडले नाही. व्हेननी मुलींना बागेतून एक पीच तोडून आणायला सांगितले. हंगामाच्या आधीचे फळ, हिरवे आणि कडक. वडिलांनी समजावले की याला अजून ऊन-पाऊस लागायचा आहे, आणि सिमियनचेही तसेच आहे. सिमियन स्वतःवरही कडक होता. पहाटे चारला उठून प्रार्थना करायची, आणि उशीर झाला तर दंड. नोकराणीला पैसे देण्याचा दंड परवडू लागला, म्हणून त्याने एक गिनी केम नदीत फेकली असे सांगतात. मग पुन्हा उशीर झाला नाही म्हणे.

खरे काम चर्चइतकेच त्याच्या खोल्यांत झाले. केंब्रिजची कितीतरी मुले पाद्री व्हायची, पण प्रवचन कसे करावे हे विद्यापीठ शिकवत नसे. गणित आणि ग्रीक-लॅटिन मात्र भरपूर. सिमियन मुलांना घरी बोलावून ते शिकवू लागला: उताऱ्यात जे आहे ते बाहेर काढा, आपल्या मनातले त्यात कोंबू नका. पुढे शुक्रवार संध्याकाळची बैठक सुरू झाली. दार सर्वांना उघडे, निमंत्रण नाही. चहा फिरायचा आणि मुले वाटेल ते प्रश्न विचारायची. शेवटी शेवटी खोलीत साठ-सत्तर मुले दाटीवाटीने बसत. किंग्जचा फेलो राहायचे तर अविवाहित राहणे भाग होते, तो राहिला.

या मुलांतला हेन्री मार्टिन त्याचा सर्वांत लाडका. १८०१ साली गणितात विद्यापीठात पहिला आलेला हा मुलगा सिमियनचा सहायक झाला आणि १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री म्हणून हिंदुस्थानला निघाला. दानापूर आणि कानपूरला असताना त्याने नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. मग क्षयाने पोखरलेल्या अंगाने, फारसी भाषांतर तपासायला, १८११ मध्ये गोवा आणि मुंबईमार्गे तो इराणला गेला. तिथून मायदेशी परतताना ऑक्टोबर १८१२ मध्ये तुर्कस्तानातल्या तोकातला वारला, एकतीस वर्षांचा.

त्याच्या मृत्यूची बातमी इंग्लंडला पोहोचण्याआधी, कलकत्त्यात काढलेले त्याचे चित्र पोहोचले. सिमियन लंडनला ते घ्यायला गेला. पेटी उघडल्यावर तो ओळखीचा चेहरा इतका खंगलेला दिसला की त्याला बघवेना. तो तोंड फिरवून रडला. आपणच याला पाठवले, हे त्याच्या मनात आले नसेल का? चित्र त्याने आपल्या जेवणघरात शेकोटीवर लावले. ते डोळे आपल्याला वेळ वाया घालवू नकोस असे बजावतात, असे तो पाहुण्यांना सांगे, आणि मग चित्राकडे पाहून हसत, नाही घालवणार, असे उत्तरही देई.

मुले येत, तीन-चार वर्षांनी जात. कोणी खेड्यातल्या चर्चमध्ये, कोणी कलकत्ता-मद्रासला. तो त्यांना पत्रे लिहीत राही आणि पुढच्या शुक्रवारी नव्यांसाठी दार उघडे. मधली बारा-तेरा वर्षे त्याचा आवाजच बसला होता, प्रवचनानंतर कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नसे. तरी सोडले नाही. आपल्याला ज्याचा इतिहासात एक मार्काचा प्रश्न असायचा तो मेकॉले केंब्रिजचाच. त्याने पुढे लिहून ठेवले की सिमियनचा प्रभाव कुठल्याही आर्चबिशपपेक्षा मोठा होता.

१३ नोव्हेंबर १८३६ रोजी सिमियन वारला. अंत्यविधीच्या दिवशी ज्या गावाने बाकांना कुलपे घातली होती त्या गावाने दुकाने बंद ठेवली. कॉलेजांतली व्याख्याने थांबली, आणि झगे घातलेली शेकडो मुले किंग्जच्या अंगणातून त्याच्या मागे चालत गेली.