फॅनी स्टेनहाउसबाई यांचे चरित्र

खोट्या शिक्षणाने मनुष्य फसतो हे आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु फसलेला मनुष्य पुष्कळदा अंतःकरणाचा प्रामाणिक व देवभीरू असतो, आणि आपण भुललो हे ध्यानात आल्यावरही त्यास मागे फिरण्यास वर्षानुवर्षे लागतात, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. फॅनी स्टेनहाउस या बाईंच्या जीवनक्रमावरून ती स्पष्ट दिसून येते. या बाई वीस वर्षे मॉर्मन पंथात होत्या व पुढे त्या पंथाच्या बाहेर पडल्या. त्यांचे चरित्र आमच्या खेडोपाडीच्या बंधुभगिनींस, विशेषतः उपदेशकांस व त्यांच्या पत्नींस बोधप्रद होईल असे वाटून येथे देत आहो.

प्रथम त्या पंथाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने इ. स. १८३० मध्ये हा पंथ स्थापिला. आपणांस देवदूताकडून सोन्याचे पत्रे मिळाले व त्यांवरील लेखाचे आपण भाषांतर केले, असे सांगून त्याने मॉर्मनचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पवित्र शास्त्राच्या जोडीस ते देववचन म्हणून मानावे असे शिकविले. इ. स. १८४४ मध्ये इलिनॉय प्रांतातील कार्थेज गावच्या तुरुंगात लोकांच्या जमावाने त्यास ठार मारिले. त्यानंतर ब्रिगॅम यंग हा पुढारी झाला, आणि इ. स. १८४७ मध्ये त्याने आपल्या लोकांस पश्चिमेकडील ओसाड मुलखात सॉल्ट लेक नामक खाऱ्या सरोवराजवळ नेऊन तेथे शहर वसविले. तेथून या पंथाचे उपदेशक चोहोकडे जात. इ. स. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक उपदेशक आपल्या मुंबईसही आला, व पुण्यास त्याने काही काळ काम केले. परंतु त्याच्या कामाने येथे मूळ धरिले नाही, व थोड्याच वर्षांत ते बंद पडले.

फॅनी हिचा जन्म इ. स. १८२९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्या मधल्या जर्सी बेटावरील सेंट हेलियर गावी झाला. घराणे बॅप्टिस्ट होते, आणि लहानपणापासून तिला धर्माची गोडी होती. वयात येताच ती फ्रान्स देशात मुलींस इंग्रजी शिकविण्याच्या कामावर गेली व तेथे काही वर्षे राहिली. तिकडे असता तिचे आईबाप इंग्लंडातील साउथॅम्प्टन बंदरी राहावयास जाऊन मॉर्मन झाले. इ. स. १८४९ मध्ये ती त्यांस भेटावयास निघाली. वाटेत तिला तिचा मेहुणा भेटला. तो स्वतः त्या पंथात जाऊन बाहेर पडला होता, आणि त्याने तिला सावध केले. परंतु घरी पोहोचून पाहते तो आईबापांचे तोंडावर आनंद, सभेत प्रेमळ मंडळी, उत्साहाचे गायन, एकमेकांस भाऊबहीण म्हणणे! तिचे मन विरघळले. नव्या युगात देव पुन्हा संदेष्टे व प्रेषित पाठवीत आहे, हा उपदेश तिला खरा वाटला, व तिने बाप्तिस्मा घेतला. तिने विश्वास धरिला तो लोभाने नव्हे, देवासाठी काही करावे या इच्छेने धरिला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या मंडळीत टॉमस स्टेनहाउस नावाचा एक उत्साही स्कॉच तरुण उपदेशक होता. इ. स. १८५० च्या फेब्रुवारी महिन्यात त्याच्याशी तिचे लग्न झाले. नवा संसार मांडून चार महिने झाले नाहीत तोच लोरेंझो स्नो या वरिष्ठाकडून आज्ञा आली की, स्टेनहाउस यांनी इटली देशी जावे. पगार नाही, शिधा नाही. थैली न घेता निघावे असा त्या पंथाचा नियम. पतीने आज्ञा मानिली, आणि पत्नीनेही, गर्भवती असता, नाही म्हटले नाही. स्टेनहाउस हे पिएडमाँट प्रांताच्या डोंगराळ खोऱ्यांत गेले. तेथे वाल्देन्सी नावाचे पुरातन सुवार्तिक ख्रिस्ती लोक शतकानुशतके छळ सोसून राहिले होते, व मॉर्मन उपदेशकांचे पहिले काम त्यांच्यातच चालले. इकडे साउथॅम्प्टनास बाई एकट्या राहिल्या. मंडळी गरीब, तिच्याकडून मिळेल तेवढ्यावर भागेना. पती दूरदेशी असता पहिली मुलगी क्लारा जन्मली, व सुईच्या कामावर बाईंनी दिवस काढिले. पुढे पतीसह त्या स्विट्झर्लंडात जिनीव्हा व लोझान येथे राहिल्या, तेथेही पुष्कळदा घरात अन्नाची टंचाई असे. या काळातील त्यांचा धीर व निष्ठा पाहिली म्हणजे कोणाही उपदेशकाच्या पत्नीस त्या आपल्याच वाटतील.

परंतु याच काळी एक कीड त्यांच्या मनास लागली. पंथाच्या वरिष्ठ मंडळीत अनेक स्त्रिया करण्याची चाल गुप्तपणे चालू आहे, अशी कुजबूज त्यांच्या कानी येई. उघडपणे तर ती गोष्ट ठाम नाकारली जात असे. इ. स. १८५० मध्ये फ्रान्सातील बुलोन येथे प्रॉटेस्टंट पाळकांशी झालेल्या जाहीर वादात जॉन टेलर या मॉर्मन प्रेषिताने हा आरोप खोटा म्हणून सांगितले. आणि त्या वेळी त्याच्या स्वतःच्या घरी अनेक बायका होत्या! पुढे इ. स. १८५२ च्या ऑगस्टात सॉल्ट लेक शहरी भर सभेत बहुपत्नीत्वाचे शिक्षण जाहीर झाले. जोसेफ स्मिथ यास इ. स. १८४३ मध्ये तसे प्रकटीकरण झाले होते असे सांगण्यात आले, व इ. स. १८५३ च्या आरंभी ते इंग्लंडातील त्यांच्या पत्रात छापून आले.

तो कागद बाईंच्या हाती आला, तो पुरता वाचून होण्याआधीच त्यांनी टाकून दिला, असे त्या आपल्या पुस्तकात सांगतात. ज्या धर्मासाठी उपास काढिले, तो धर्म आता घरात सवत आणण्यास सांगत होता. परंतु याहूनही कठीण गोष्ट पुढेच होती. उपदेशकाची पत्नी या नात्याने हे नवे शिक्षण स्विस भगिनींस समजावून सांगण्याचे काम त्यांच्यावर पडले. ज्या बाया त्यांच्यावर विश्वास ठेवून मंडळीत आल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन, जे स्वतःच्या मनास पटले नाही ते देवाचे वचन म्हणून सांगावयाचे! त्या बाया रडल्या, आणि त्यांच्याबरोबर बाईही रडल्या. तरी त्यांनी ते सांगितले. आपले मन बंड करिते हे आपलेच पाप असेल, देव आपली परीक्षा पाहत असेल, असे समजून त्यांनी स्वतःचे तोंड बंद केले. पती प्रामाणिकपणे विश्वास धरून होते, आणि पत्नीने शंका काढली तर तिच्यामुळे त्यांचे तारण अडेल अशी शिकवण होती. म्हणून हे दुःख बोलावयास जागाच राहिली नाही.

इ. स. १८५५ च्या अखेरीस हे कुटुंब जहाजाने न्यूयॉर्कास गेले. तेथे स्टेनहाउस यांनी वर्तमानपत्रांत लिहिण्याचे काम केले व चार दिवस बरे गेले. परंतु मॉर्मनांनी सियोनास, म्हणजे यूटा मुलखास गेलेच पाहिजे असा दंडक असल्यामुळे, इ. स. १८५९ मध्ये मुलेबाळे घेऊन गाड्यांच्या तांड्याबरोबर सुमारे हजार मैलांचे माळरान तुडवीत ती सर्व सॉल्ट लेकास पोहोचली. तेथे पोट भरण्यासाठी बाईंनी बायकांच्या टोप्या करण्याचा धंदा काढिला. हात चांगला असल्यामुळे गिऱ्हाईक मिळाले. ब्रिगॅम यंग याच्या घरच्या बायकांसाठीही टोप्या करून दिल्या. परंतु हिशेबाची वेळ आली तेव्हा, ती रक्कम तुमच्या पतीच्या दशमांशात जमा केली आहे, असे उत्तर मिळाले. दशमांश देणे हे चांगले. परंतु तो देणाऱ्याने संतोषाने द्यावा. गरीब बाईच्या रात्रीच्या जागरणाची मजुरी तिला न विचारता वळती करून घेणे, याला दान म्हणता येत नाही.

स्टेनहाउस यांचा मान वाढत गेला. इ. स. १८६४ मध्ये त्यांनी टेलिग्राफ नावाचे दैनिक पत्र काढिले. ज्याचा मान मोठा त्याने दुसरी बायको केलीच पाहिजे, असा वरिष्ठांचा आग्रह असे. शेवटी पार्ली प्रॅट या मयत प्रेषिताची कन्या बेलिंडा हिच्याशी त्यांचे लग्न ठरले. त्या पंथाच्या विधीप्रमाणे पहिल्या पत्नीने स्वतः हजर राहून नव्या वधूचा हात आपल्या पतीच्या हाती द्यावा लागे. बाईंनी तो दिला. त्या क्षणी आपल्या हातून काय होत आहे हे त्यांस ठाऊक होते. परंतु देवाची आज्ञा म्हणून त्यांनी तो घोट गिळला. घरी येऊन त्या संसार चालवीत राहिल्या. सवतीशी त्या भांडल्या नाहीत. तीही तरुण मुलगी त्याच शिकवणीत वाढलेली, तिचा काय दोष? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पुढे त्यांची क्लारा हीही ब्रिगॅम यंग याच्या थोरल्या मुलास दिली गेली, आणि ती त्याची पहिली बायको नव्हती. स्वतःचे दुःख सोसणारी आई मुलीचे दुःख पाहून जागी होते; बाईंचेही तसेच झाले.

इ. स. १८६९ मध्ये पूर्वपश्चिम आगगाडीचा रस्ता पुरा झाला, व यूटाच्या डोंगरांआड बाहेरचे जग येऊन ठेपले. त्याच वर्षी ब्रिगॅम यंग याच्या आज्ञेवरून स्टेनहाउस यांनी आपले पत्र ऑग्डन गावी नेले व धंद्यात बुडाले. विल्यम गॉडबी व त्याचे सोबती यांनी, व्यापारात व संसारात एका मनुष्याची आज्ञा देवाज्ञेसारखी मानावी काय, असा प्रश्न काढिला, आणि त्यांस बहिष्कृत करण्यात आले. स्टेनहाउस यांचेही डोळे उघडू लागले. दुसरी बायको त्यांच्यापासून विभक्त झाली. इतकी वर्षे पतीपत्नी एकाच छपराखाली राहून एकमेकांपासून मनातले लपवीत होती. आता ती मन मोकळे करून बोलू लागली, तेव्हा दोघांसही कळले की शंका एकट्याची नव्हती. इ. स. १८७० मध्ये दोघांनी पंथाशी संबंध तोडिला. त्यानंतर एके रात्री ती दोघे घरी परत येत असता काही मनुष्यांनी अंधारात त्यांच्या अंगावर घाण टाकून त्यांस अपमानिले. ज्या मंडळीत वीस वर्षे काढिली तिजकडून त्यांस हा निरोप मिळाला.

बाईंनी सूड घेतला नाही. त्यांनी लेखणी धरिली. इ. स. १८७२ मध्ये यूटातील बहुपत्नीत्वाविषयी त्यांचे पहिले पुस्तक निघाले. इ. स. १८७४ मध्ये आपला सर्व वृत्तांत विस्ताराने सांगणारे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यास हॅरिएट बीचर स्टोव या विख्यात लेखिकेने प्रस्तावना लिहिली. अमेरिकेतील गुलामांच्या दुःखाविषयी जिचे पुस्तक जगभर वाचले गेले तीच ही बाई होय. मधल्या वर्षी, इ. स. १८७३ मध्ये, स्टेनहाउस यांनीही त्या पंथाचा मोठा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. बाईंनी व्याख्यानेही दिली. त्या काळी स्त्रीने व्यासपीठावर उभे राहून स्वतःच्या घरातील दुःख सांगणे सोपे नव्हते. तथापि त्यांच्या लिखाणात यूटातील साध्याभोळ्या स्त्रियांविषयी तिरस्कार नाही, कळवळा आहे. त्यांची निष्ठा खरी होती. त्यांस शिकविणाऱ्यांनी त्या निष्ठेचा दुरुपयोग केला, असे त्यांचे म्हणणे होते.

स्टेनहाउस इ. स. १८८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मरण पावले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने बहुपत्नीत्वाविरुद्ध कडक कायदा केला, आणि इ. स. १८९० मध्ये त्या पंथाचा अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ याने अशी लग्ने बंद करण्याविषयी जाहीरनामा काढिला. आज ती मंडळी बहुपत्नीत्व मानीत नाही. असे लग्न करणारास ती मंडळीबाहेर घालिते. हा दिवस बाईंनी डोळ्यांनी पाहिला. इ. स. १९०४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, हे चरित्र दुसऱ्या पंथाचे दोष मोजण्याकरिता आम्ही दिले नाही. दोष शोधू गेल्यास आपल्याही अंगणात सापडतील. परंतु तीन गोष्टी यातून घेण्यासारख्या आहेत.

पहिली ही की, नव्याने विश्वास धरणाऱ्यापासून काही लपवू नये. आज गोड भाग सांगावा व कठीण भाग बाप्तिस्म्यानंतर सांगावा, अशी हातोटी जो उपदेशक धरितो तो शिष्य मिळवितो, पण त्यांचा विश्वास घालवितो. स्विस भगिनींच्या डोळ्यांतील पाणी त्याची साक्ष आहे.

दुसरी ही की, जे स्वतःच्या विवेकास पटत नाही ते देवाच्या नावाने दुसऱ्यास सांगू नये. बाईंना सर्वात जास्त जाचली ती उपासमार नव्हे. मनात एक व मुखात एक हेच त्यांस जाचले. शंका असेल तर ती उघडपणे वडीलजनांपुढे मांडावी, शास्त्र उघडून पाहावे व प्रार्थना करावी. शंका विचारणाऱ्यास जी मंडळी पापी ठरविते, तिच्यात शंका मरत नाहीत, तर आत कुजतात.

तिसरी ही की, जो कोणी भुलून गेला व परत फिरू पाहतो, त्याला थट्टेने वागवू नये. वीस वर्षांचा विश्वास टाकणे म्हणजे जुना सदरा काढणे नव्हे. त्याबरोबर आप्त, शेजार, पोटाचा धंदा व देवावरचा भरवसाही हादरतो. अशा मनुष्यास वादापेक्षा ओसरीवर बसावयास जागा व सोबत लागते. आपल्या गावी असा कोणी आला, तर प्रथम त्याचे ऐकून घ्यावे, आणि मग उपदेश करावा.