केरूनाना छत्रे: गावोगावच्या मास्तरांना विज्ञान शिकवणारे प्राध्यापक

आमच्या मोखाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेले एक नातलग मागच्या ईदला घरी आले होते. बोलता बोलता त्यांनी एक गंमत सांगितली. वर्षातून दोन दिवस असे येतात की भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मोखाड्याला हा दिवस २० मेच्या आसपास येतो, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पुस्तकात हे लिहिलेलं आहे, ते वर्गात शिकवतात, पण त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी, आणि जुलैत आमच्याकडचा पाऊस सूर्यच दिसू देत नाही. मग ते म्हणाले की मीच पाहिलं नाही ते पोरांना खरं म्हणून सांगतो, हे मनाला लागतं.

हे ऐकताना मला केरूनाना आठवले. शिक्षकाला आधी स्वतः बघायला शिकवायचं, मग त्यानं पोरांना शिकवायचं, ह्या कामात त्यांनी आपल्या मुलखात आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. आणि हे त्या काळात, जेव्हा मराठीत विज्ञानाची पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

त्यांचं खरं नाव विनायक, पण सगळीकडे ओळख केरो लक्ष्मण छत्रे, आणि लोकांच्या तोंडी केरूनाना. जन्म १८२५ च्या सुमाराचा, अलिबागजवळच्या नागाव गावातला. नारळी-पोफळीच्या वाड्यांचा तो अष्टागराचा भाग. छत्रे घराण्यातले सदाशिव काशिनाथ छत्रे मुंबईत शाळापुस्तक मंडळीचे देशी सचिव होते आणि मुलांसाठी मराठीत पुस्तकं लिहीत होते. म्हणजे मराठी शाळांची पहिली पुस्तकं जिथे तयार झाली, त्याच घराण्यातला हा मुलगा. तो शिकायला मुंबईला आला आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला दोन उस्ताद भेटले. एक इंग्रज प्रोफेसर ऑर्लेबार, गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवणारे. दुसरे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ मध्ये दर्पण सुरू केलं. आपल्याला बाळशास्त्री पत्रकार म्हणून माहीत आहेत, दरवर्षी ६ जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालतो. पण ते गणित आणि खगोल शिकवणारे शिक्षक होते, आणि १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी जो नॉर्मल वर्ग मुंबईत निघाला तो त्यांच्याच हाती होता. दुसऱ्याच वर्षी, १८४६ मध्ये, ते ऐन पस्तिशीच्या आत गेले. वर्ग पोरका झाला म्हणा ना.

केरूनाना तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत होते. १८४० मध्ये, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, महिना ५० रुपयांवर ते तिथे लागले. ही नोकरी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा माणूस इथेच घडला. त्या काळात जर्मनीतल्या गटिंगेन शहरात गाउस नावाचे मोठे गणितज्ञ होते. पृथ्वीच्या चुंबकत्वात दिवसभर बारीक बदल होत असतात, ते समजायचे तर जगभर एकाच वेळी मोजमाप व्हायला हवं, अशी त्यांची योजना. त्यासाठी देशोदेशी वेधशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून हे काम नियमानं सुरू झालं. दोऱ्याला टांगलेलं चुंबक किती हललं हे दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं. सोबत हवेचा दाब, उष्णता, सगळं तासातासाला वहीत उतरवायचं. दिवस असो की रात्र. काही ठरलेल्या दिवशी तर चोवीस तास दर पाच मिनिटांना नोंद, कारण त्याच क्षणी युरोपातल्या वेधशाळेतही कोणीतरी तीच नोंद करत असायचं.

साहेब लोक वरचा हिशेब बघत, आणि डोळे फोडून आकडे वाचण्याचं काम देशी सहायकांकडे. पाऊस कोसळतोय, डोळ्यावर झोप आहे, मागच्या तासाचा आकडा समोर दिसतो आहे. तोच थोडा फिरवून लिहिला तर कोणाला कळणार आहे? पण लिहायचा नाही. जे दिसलं तेच लिहायचं. दहा वर्षं हा रियाज झाला.

मग १८५१ मध्ये ते पुण्याला आले. त्याच वर्षी विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं होतं. त्याला जोडून मराठी शाळांसाठी मास्तर तयार करण्याचा नॉर्मल विभाग होता. केरूनाना तिथे गणित शिकवायला लागले, पुढे पदार्थविज्ञानही. हाच विभाग पुढे पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज झाला आणि काही काळ केरूनाना त्याचे प्रमुख होते.

इथे येणारी मुलं कोण होती? बहुतेक खेड्यातली, मराठी शाळेतून पुढे आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली. त्याआधी गावात शिकवायचे ते पंतोजी. ओसरीवर किंवा देवळात शाळा भरायची, धुळाक्षरं, मोडी, पावकी-निमकीचे पाढे, संपलं. पाठांतर उत्तम, शंका विचारायची पद्धत नाही. आता सरकारी खात्याच्या शाळा निघत होत्या आणि त्यांत भूगोल, हिशेब, सृष्टीचं ज्ञान शिकवायचं होतं. पण ज्यानं शिकवायचं त्यालाच ते कोणी शिकवलेलं नव्हतं. सगळा पेच इथेच होता, आणि खरं सांगायचं तर आजही आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तो पुरता सुटलेला नाही. मूल घरी वारली किंवा कोकणा बोलतं, आपल्या घरांत दखनी किंवा कोकणी चालते, पुस्तक प्रमाण मराठीत, आणि विज्ञानाचे शब्द संस्कृतात. तीन पायऱ्या चढून गेल्यावर कुठे बाष्पीभवन म्हणजे काय ते कळतं, तेही चढला तर.

केरूनानांनी ह्या मास्तरांसाठी मराठीत लिहिलं. अंकगणित लिहिलं, पदार्थविज्ञान लिहिलं. दोन्ही पुस्तकं मराठी शाळांसाठी. त्या काळी सरकारी पुस्तकांची भाषा मेजर कँडी तपासत. हे गृहस्थ इंग्रज, पण मराठीतले जाणकार. मराठी शाळेतलं शास्त्र इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेखालून जायचं, हाही त्या जमान्याचा एक तमाशाच! तरी एक गोष्ट झाली. उष्णतेनं वस्तू का फुगतात, हवेला वजन असतं का, हे प्रश्न पहिल्यांदाच अशा माणसाच्या हातात पडले जो उद्या एखाद्या तालुक्याच्या शाळेत वर्ग उघडणार होता. एक प्रोफेसर शंभर विद्यार्थ्यांना शिकवतो. मास्तरांना शिकवणारा प्रोफेसर किती गावांत पोहोचतो, त्याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही हंगामी काम केलं. १८६५ पासून ते डेक्कन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होते आणि १८७९ मध्ये निवृत्त झाले. विलायतेची पदवी नाही, इथल्या विद्यापीठाचीही नाही. मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ चं, तोवर हे गृहस्थ सहा वर्षं शिकवत होते. आज अर्ज केला असता तर पात्रतेच्या रकान्यातच अडकले असते. इथे त्यांचा एक विद्यार्थी गणितात फार तेज होता, बाळ गंगाधर टिळक. टिळकांच्या मनात ह्या गुरूबद्दल जी इज्जत होती ती शेवटपर्यंत राहिली.

आता त्यांच्या आयुष्यातल्या त्या कामाकडे वळू, ज्यात त्यांना यश कमी आणि वाद जास्त मिळाला. ते म्हणजे पंचांग.

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. रमजानचा चांद दिसला की नाही, ह्यावर आपल्याकडे दरवर्षी किती फोन फिरतात! हिशेब मानायचा की डोळ्यांनी दिसलेलं, हा सवाल जुना आहे. समरकंदला उलुग बेगनं पंधराव्या शतकात ताऱ्यांच्या जागा नव्यानं मोजून जीज तयार केली, म्हणजे ग्रहताऱ्यांची कोष्टकं. जयपूरच्या सवाई जयसिंगानं आपली जीज बादशहा मुहम्मदशहाच्या नावानं केली. कारण दोघांचंही एकच: जुनी कोष्टकं आणि आकाश जुळत नव्हतं.

महाराष्ट्रातली पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव ग्रंथावरून होत. तो ग्रंथ १५२० च्या सुमाराचा. गणित अगदी सोयीचं, पण लहानशी चूक दरवर्षी साचत गेली तर तीनशे वर्षांत ती मोठी होते. पंचांगात ग्रह एकीकडे, आकाशात दुसरीकडे. ज्यानं दहा वर्षं रात्री जागून जे दिसेल तेच लिहिलं, त्याला हे कसं चालणार? १८६० मध्ये केरूनानांनी ग्रहसाधनाची कोष्टकं प्रसिद्ध केली, युरोपातल्या नव्या गणिताला धरून, पण मराठीत, इथल्या जोशांना वापरता येतील अशी. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं नवं पंचांग निघू लागलं. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत.

अडचण अशी झाली की नक्षत्रचक्र कुठून मोजायचं ह्याचा आरंभबिंदूही त्यांनी बदलला. मीन राशीतला एक अंधुक तारा त्यांनी धरला. त्यामुळे जुन्या आणि नव्या पंचांगात सुमारे चार अंशांचा फरक आला, आणि कधी कधी अधिक महिनाच वेगळा पडू लागला. म्हणजे शेजाऱ्याकडे सण एका महिन्यात, आपल्याकडे दुसऱ्या. हिजरी सनात अधिक महिना नसतोच, म्हणून आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, पण सगळ्यांचा एकदमच. इथे तर एकाच आळीत दोन हिशेब. साहजिकच फार थोड्यांनी नवं पंचांग घरात घेतलं.

माझ्या मते केरूनानांचं गणित बरोबर होतं, पण आरंभबिंदू हलवण्याची घाई भोवली. ग्रहांच्या जागा तेवढ्या दुरुस्त केल्या असत्या तर लोकांनी कदाचित लवकर मानल्या असत्या. पुढे टिळकांनी हा प्रश्न उचलला, १९०४ मध्ये मुंबईत ज्योतिषांची परिषद भरली, आणि आज टिळक पंचांग म्हणून जे चालतं ते ह्याच वाटेवरचं. तेही मानणारे कमीच.

१८७७ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचं निधन झालं.

कुलाब्याच्या त्या वेधशाळेचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं, आणि विजेच्या प्रवाहानं चुंबकाची मोजमापं बिघडली असती. म्हणून नवी जागा शोधली, लोखंड टाळून पोरबंदरच्या दगडात इमारत बांधली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकत्र मोजमाप करून मगच काम हलवलं. ती नवी जागा अलिबाग, म्हणजे केरूनानांच्या नागावाच्या अगदी शेजारी. तिथे चुंबकाच्या नोंदी आजही होतात.